नोंद घेण्याजोगा जवाई

१ जानेवारी २०२५, सकाळी

यंदाचे संकल्प. रोज पहाटे फिरायला जाणे. जिलेबी, बालुशाही, एकूण गोड बंद. आणि जनकोशात बंडू गावंडे या पोट्ट्याच्या पानावर पहिल्याच ओळीत 'वादग्रस्त' हा शब्द बसवणे. पहिले दोन कठीण आहेत. तिसरा म्हणजे फार तर आठवड्याचं काम, कारण ते सत्य आहे.

जनकोश म्हणजे इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. मी तिथं 'सत्यान्वेषी' नावानं लिहितो. खरं नाव देवानंद मोहोड, राहणार साईनगर, अमरावती, मूळ गाव तिवसा, हे तिथं कोणालाच माहीत नाही. 'संत्र्याची बाग' हे पान जवळपास सगळं माझं आहे.

बंडूच्या पानावर आज हे वाचलं: 'बंडू गावंडे हे अकोट येथील लोकप्रिय समाजमाध्यम कलावंत आहेत.' लोकप्रिय! कलावंत! दिसेल त्याची टिंगल करायची, रील टाकायचे, चॅनलचं नाव 'बंडू म्हन्ते' ठेवायचं, की झाला कलावंत. मी 'लोकप्रिय'च्या जागी 'वादग्रस्त' टाकलं. 'कलावंत'च्या जागी 'रीलबाज' टाकलं. बदलाचं कारण लिहिलं: तटस्थता.

इथं नोंदवून ठेवतो की माझा त्याच्यावर वैयक्तिक राग नाही. तो माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाचा पोरगा आहे, हा निव्वळ योगायोग.

फिरायला उद्यापासून. आज धुकं होतं.

४ जानेवारी

'तूरडाळ' नावाच्या कोण्या इसमानं माझे बदल उलटवले. कारण काय दिलं, तर 'संदर्भ नाही'. अरे, सूर्य उगवला याला संदर्भ मागतोस काय बे?

मी परत टाकलं. त्यानं परत काढलं. मी परत टाकलं. त्यानं चर्चेच्या पानावर लिहिलं की, सर, वादग्रस्त म्हणायचं तर कोणता वाद, आणि तो कुठं छापून आला, एवढं सांगा.

सर म्हणून चिमटे काढायची पद्धत मी ओळखतो. हा तूरडाळ बंडूचा पगारी माणूस आहे. मिशीवाला, पान खाणारा, अकोल्याच्या एखाद्या गाळ्यात बसून दिवसभर हेच करणारा.

आरतीनं विचारलं, सकाळपासून काय खुडबुड करून राहिले. मी म्हटलं, ज्ञानदान. ती म्हणाली, गॅस संपला, सिलिंडर लावून द्या.

७ जानेवारी

तूरडाळ म्हणतो, निदान व्हिडिओची लिंक द्या, मला तो सापडत नाही.

सापडत नाही म्हणे. ज्या व्हिडिओपायी मी भाजीबाजारात तोंडाला रुमाल बांधून फिरलो, तो याला सापडत नाही. मी उत्तर दिलं की असल्या घाणीत पुन्हा हात घालणं माझ्या तत्त्वात बसत नाही. ते खरंही आहे. ते चॅनल मी तेव्हाच ब्लॉक केलं आणि या घरात त्या पोट्ट्याचं नाव घ्यायचं नाही अशी ताकीद दिली. दिवाळीत आरतीनं दोनतीनदा बंडूनं ना, बंडूनं ना, असं सुरू केलं होतं. मी हात वर केला. ती गप्प बसली. घरात शिस्त असली की वाद होत नाहीत.

८ जानेवारी

एकदाचं लिहून ठेवतो. पुढंमागं कोणी माझं चरित्र लिहिलं तर गोंधळ नको.

गेल्या एप्रिलात अकोटला बंडूच्या बहिणीचं, मोनालीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नात घरच्या जवायांना टोपी-दुपट्टा देतात. थोरल्यापासून सुरुवात. त्या घरचा थोरला जवाई मी. वीस वर्षं माझं नाव पहिलं पुकारलं गेलं, आणि मी कधी कौतुक केलं नाही. त्या दिवशी लाउडस्पीकरवाल्यानं नितेशचं नाव पहिलं घेतलं. नितेश म्हणजे आरतीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. शर्टाची बटणं पोटावर लागत नाहीत. तो हसत हसत स्टेजवर गेला, टोपी घातली आणि फोटो काढून घेतले. मग माझं नाव. दुसरं.

मी शांतपणे उठलो आणि मांडवाबाहेर आमच्या गाडीत जाऊन बसलो. याला लोक रुसणं म्हणतात. मी त्याला निषेध म्हणतो. साळा आला, साळी आली, खुद्द सासरेबुवा वामनराव काठी टेकत आले, म्हणाले, जवाईबापू, माइकवाल्याची चूक झाली, त्याले काय समजते, चाला दोन घास खाऊन घ्या. मी काच वर केली.

पंगत उठली. उन्हाचा पारा चढला. आरतीनं कोणाच्या तरी हाती ताट पाठवलं. मी त्यातल्या जिलेबीला फक्त हात लावून पाहत होतो की ती गार झाली काय. नेमका तेव्हाच बंडू मोबाइल घेऊन काचेपाशी. रीलचं नाव: 'रुसलेला जवाई, पन जिलेबीवर राग नाई'. मी पाचवी जिलेबी खात होतो असं त्यात म्हटलं होतं. तिसरी होती.

लाखो लोकांनी पाहिलं. मी ज्या क्लासमध्ये मराठी शिकवतो तिथं एका पोट्ट्यानं फळ्यावर जिलेबी काढली.

तेव्हापासून मी अकोटला पाय ठेवलेला नाही. आरतीला जायला माझी कधीच ना नव्हती. तिनं विचारलं की मी फक्त उठून दुसऱ्या खोलीत जातो.

१५ जानेवारी

लोकशाही मार्ग. जनकोशात चर्चेच्या पानावर लोकांनी 'सहमत' लिहिलं की बाजू भक्कम होते. आज बारावीच्या बॅचला सांगितलं की मुलांनो, मराठी भाषेसाठी एक राष्ट्रीय कार्य आहे. पानाचं नाव दिलं. अकाउंट काढून मत नोंदवा म्हटलं.

१६ जानेवारी

मतं पाहिली. 'बंडूभाऊ एक नंबर.' 'भाऊचा विषय हार्ड.' 'जिलेबीवाला रील कोनाकडे असन तं पाठवा.' सगळी वर्गातलीच. माझ्या बाजूनं एकटा मी.

या पिढीला सत्याची चाड नाही. सोमवारी व्याकरणाची चाचणी घेतो.

तूरडाळनं ती सगळी मतं काढून टाकली आणि लिहिलं की ही मतं बाहेरून गोळा केलेली दिसतात, दोन्हीकडून कृपया असं करू नये. दोन्हीकडून! गोळा तर मीच केली होती.

९ फेब्रुवारी, अकोल्याहून परतल्यावर

जनकोशाच्या संपादकांचा मेळावा होता. म्हटलं, या तूरडाळला एकदा समोरासमोर पाहू. भाषण तयार ठेवलं होतं. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत पाठ केलं.

सगळ्यांनी छातीवर आपापल्या टोपणनावाची पट्टी लावायची होती. मी 'सत्यान्वेषी' लावली. मिशीवाला शोधत होतो. चहाच्या टेबलापाशी एक पोरगी उभी होती, आमच्या प्राजक्ताएवढी. प्राजक्ता म्हणजे माझी मुलगी, नागपूरला शिकते. पोरीच्या ओढणीवर पट्टी: तूरडाळ.

खरं नाव प्रतीक्षा. तुरीवरच पीएचडी करून राहिली, म्हणून तूरडाळ. मला पाहून उजळलीच. म्हणाली, सर, तुमचं संत्र्याच्या बागेचं पान वाचूनच मी जनकोशावर लिहायला लागली. आमच्या घरी पण बाग हाय, माझ्या बाबानं त्या पानाची प्रिंट काढून ठेवली.

भाषण राहून गेलं. सामोसा बरा होता.

शब्दाचं मात्र ती सोडेना. म्हणाली, सर, जिवंत माणसाबद्दल लिहिताना हात जरा आखडताच घ्या. वाचनारे विसरून जातात, पन ज्याच्यावर लिहिलं तो विसरत नाई. मी मान हलवली. कोवळं वय आहे. मग तिनं विचारलं की सर, राग नका मानू, बंडूशी तुमचं काही नातं-गोतं तर नाही? नातं असलं तर त्या पानावर लिहायचं नाही असा नियम आहे, म्हणून विचारलं.

मी म्हटलं, दूरदूरपर्यंत नाही.

ती म्हणाली, मग झालं, एक छापील बातमी आणा, मीच तुमचा शब्द लावून देते.

पोरगी जवळजवळ माझ्या बाजूला आलेली आहे.

११ फेब्रुवारी

छापील बातमी. बरोबर आहे. वादाची बातमी नाही, कारण वाद कोणी केलाच नाही. मी सहन करत बसलो ही माझी चूक. आता वाद करतो.

आरती म्हणते, येत्या १६ मार्चला बाबांचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम आहे, अकोटलाच. सगळे येऊन राहिले. तुमी या. मी म्हटलं, पाहू. ती म्हणाली, पाहू नका, या. तिच्या आवाजात हल्ली अकोट फार येतं.

२० फेब्रुवारी

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. साडेतीन पानं, मुद्देसूद. साहेबांनी पहिलं पान वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग हवालदाराला बोलावून त्यालाही वाचायला दिलं. म्हणाले, काका, घरचं हाय ना हे, घरीच बसून मिटवा. मी म्हटलं, पोच द्या. दिली.

पोच आणि अर्जाची नक्कल घेऊन 'दैनिक वऱ्हाड हाक'मध्ये गेलो. योगेश माझाच जुना विद्यार्थी, तिथं बातमीदार आहे. त्याला मथळा मीच सुचवला: 'समाजमाध्यमांतील विकृतीविरुद्ध अमरावतीच्या प्राध्यापकांचा एल्गार'. त्यानं लिहून घेतला. फोटोही दिला, चष्मा लावून पुस्तक हातात धरलेला.

आरतीला सांगितलं नाही. एकदम बातमीच दाखवावी.

२२ फेब्रुवारी, सकाळी लवकर

योगेशचा मेसेज: सर, लागली, पान पाच.

पेपरवाला अजून आलेला नाही. पण थांबायचं कशाला? आत्ताच जनकोशावर 'वादग्रस्त' शब्द टाकला आणि संदर्भ जोडला: दैनिक वऱ्हाड हाक, २२ फेब्रुवारी, पृष्ठ पाच. चर्चेच्या पानावर लिहिलं की हे वृत्तपत्र पूर्णपणे विश्वासार्ह असून त्यातल्या एका अक्षरावरही शंका घेता येणार नाही.

तासाभरात तूरडाळचं उत्तर. बातमी पाहिली, सर. संदर्भ चांगला आहे. शब्द राहू द्या.

जिंकलो! चहात साखर घातली. एक दिवस चालते.

त्याच दिवशी, नंतर

पेपर आला.

मथळा: 'जिलेबी खाताना काढला व्हिडिओ, रुसलेल्या जावयाची पोलिसांत धाव'. खाली माझं पूर्ण नाव. वय. साईनगर. 'खासगी शिकवणी वर्गातील शिक्षक'. एल्गाराचा एल नाही. फोटो छापला नाही, ही एकच देवाची कृपा.

योगेशला फोन केला. म्हणाला, सर, तुमचा मथळा डेस्कनं बदलला, पण बातमी वेबसाइटवर सगळ्यात जास्त वाचली जाऊन राहिली. त्याला यात अभिमान वाटत होता.

२३ फेब्रुवारी

तूरडाळनं पानावर नवा भाग लिहिला आहे. मथळा 'वाद'. मजकूर उतरवून ठेवतो:

'अमरावती येथील शिक्षक देवानंद मोहोड यांनी २०२५ मध्ये गावंडे यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार अर्ज दिला. एका विवाहसमारंभात टोपी-दुपट्ट्याचा मान धाकट्या जावयानंतर मिळाल्याने मोहोड हे वाहनात जाऊन बसले असता, गावंडे यांनी त्यांचे जिलेबी खातानाचे चित्रीकरण केले, असे तक्रारीत म्हटले आहे.'

खाली संदर्भ. माझाच.

पोरीनं एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. शुद्धलेखन निर्दोष. यात वाईट असं बोट ठेवायला काहीच नाही, हेच वाईट.

मी चर्चेत लिहिलं की हा भाग अनावश्यक वाटतो. ती म्हणाली, सर, वादच काढला तर वादग्रस्त कशावरून म्हणायचं? तुम्हीच म्हणाला होतात, एका अक्षरावरही शंका नाही. पुढं हसरा चेहरा.

आरतीनं पेपर वाचला. वाचून घडी घातली, दिवाणावर ठेवली. भाकरी थापायचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

२ मार्च

आरती अकोटला गेली. कार्यक्रमाला दोन आठवडे आहेत, पण गेली. मी विचारलं, एवढ्या लवकर काहून? म्हणाली, बाबानं पेपर वाचला, तवापासून धड जेवत नाहीत. म्हणतात, माह्या दारातून जवाई उपाशी गेला अन् आता पोलिसात गेला. तुमाले टोपी पायजे, मले बाप पायजे.

मग दारात थांबून म्हणाली, अख्ख्या गणगोताले तुमची टोपी आठोत नाई, तुमालेच आठोते. चपला घातल्या आणि ऑटोत बसली.

बायकांना तत्त्व कळत नाही. डबा फ्रिजमध्ये ठेवून गेली आहे. वांग्याची भाजी. मिठाचं प्रमाण कमी.

६ मार्च

सासरेबुवांचा फोन. त्यांना मोबाइल नीट धरता येत नाही, निम्मा वेळ श्वासच ऐकू येतो. म्हणाले, जवाईबापू, चुकलं आमचं. म्या त्या माइकवाल्याले कागदावर नावं लिहून द्याले पायजे होती. आता सोळा तारखेले पयलं नाव तुमचं. तुमी या फक्त.

मी म्हटलं, लाउडस्पीकरवर घ्याल काय?

ते म्हणाले, लाउडस्पीकरवर घेतो, बापू.

मी म्हटलं, विचार करतो.

नंतर वाटलं, हो म्हणायला हरकत नव्हती. पण एकदम हो म्हटलं की किंमत राहत नाही.

१० मार्च

आरतीला फोन केला, कुकरची शिट्टी कुठं ठेवली ते विचारायला. बोलता बोलता म्हणालो की तो रील आधी काढ म्हणावं त्या पोट्ट्याला, मग येण्याचं पाहू.

ती म्हणाली, कोनता रील? तो त्यानं दिवाळीतच काढला. बाबानं त्याले म्हटलं, पोरा, घरच्या मानसाले असं नाई करत. त्यानं समोरच डिलीट केला. रडला बी थोडा. मी तुमाले चार येळा सांगाले आली, तुमी हात वर केला.

मी म्हटलं, मग जानेवारीत कोणी बोललं का नाही?

ती म्हणाली, बंडूचं नाव घ्यायचं नाई म्हनून कोनी सांगून ठेवलं? मले सांगा.

फोन ठेवला. चॅनल अनब्लॉक केलं. पाहिलं. खालपर्यंत गेलो. खरंच नाही. गाय आहे, तलाठी आहे, लग्नातला बॅन्ड आहे. मी नाही.

म्हणजे आता जगात माझी जिलेबी दोनच ठिकाणी उरली. पेपरात आणि जनकोशात. दोन्ही मी दिलेली.

११ मार्च

क्लासच्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, मोहोड सर, पालक बातमी दाखवून राहिले, या महिन्यात जरा कमी लेक्चर घ्या. मी म्हटलं, त्यात माझ्या लेखनाला वेळ मिळेल. त्यांनी हो हो केलं.

कुकरची शिट्टी सापडली नाही. पोहे खाल्ले.

१३ मार्च

होळी. समोरच्या पोट्ट्यांनी जवाई जवाई म्हणून बोंबा मारल्या. मी खिडकी लावून घेतली.

चर्चेच्या पानावर तूरडाळला शांतपणे विनंती केली. सत्यान्वेषी म्हणूनच. लिहिलं की त्या मोहोड यांच्या बाजूनंही विचार व्हावा. आता तो व्हिडिओही उपलब्ध नाही. एका सज्जन, अभ्यासू गृहस्थाचं नाव जिलेबीसोबत कायमचं राहावं काय?

तिनं लिहिलं, सर, तुमचा मुद्दा मनाला लागला. विचार करते.

पाहा. भाषेत ताकद असली की काम होतं. आता पान नीट झालं की अकोटला जायचं. टोपी-दुपट्टा घ्यायचा. बंडूला माफ करायचं, पण सगळ्यांसमोर. आरतीला घेऊन यायचं. सगळं डोक्यात बसलेलं आहे.

१५ मार्च

पांढरा शर्ट इस्त्री करून आणला. उद्या सकाळची दर्यापूरवरून जाणारी एसटी. आरतीला मेसेज केला: येतो. तिनं लगेच लिहिलं: बाबाले सांगतलं, खुश झाले. मग आणखी एक मेसेज: शिट्टी ओट्याखालच्या डब्यात आहे.

खूप दिवसांनी नीट जेवलो.

१६ मार्च, सकाळी

अंघोळ झाली. शर्ट घातला. बसला वेळ होता म्हणून जनकोश उघडला. फक्त पाहायला.

तूरडाळनं बदल केला आहे. नवा मजकूर: 'एका नातेवाइकाने चित्रीकरणाबद्दल आक्षेप घेतला होता.' संपलं. जिलेबी नाही, टोपी नाही. पहिल्या ओळीतलं 'वादग्रस्त'ही काढलं, घरगुती कुरबुरीला वाद म्हणता येत नाही म्हणून. आणि माझं नाव काढलं. कारण दिलं आहे: 'सदर व्यक्ती नोंद घेण्याजोगी नाही.'

मला हेच हवं होतं. मी हेच मागितलं होतं. मग बूट घातले. मग परत येऊन वाचलं.

नोंद घेण्याजोगी नाही.

बंडू लोकप्रिय. बंडू कलावंत. त्याचा जन्मदिवस आहे पानावर, शाळेचं नाव आहे. आणि मी 'एक नातेवाईक'. नितेशनंतर तरी माझं नाव घेतलं होतं. इथं तर यादीतच नाही.

अकरा वाजून गेले

बस गेली. दुसरी आहे.

मजकूर पुन्हा टाकला. माझं पूर्ण नाव, गाव, संदर्भ. जिलेबीसकट. तिनं काढलं. मी टाकलं. चर्चेत लिहिलं की मोहोड हे वऱ्हाडातील एक जाणकार अभ्यासक असून त्यांना वगळणं हा इतिहासावर अन्याय आहे. तिनं विचारलं की सर, परवा तर तुम्हीच काढा म्हणालात?

परवाची गोष्ट वेगळी होती.

दुपारी

आरतीचा फोन. मागं गोंगाट. म्हणाली, कुठवर आले? मी म्हटलं, निघतोच. ती म्हणाली, बाबा कोनाले सुरुवात करू देत नाहीत. म्हणतात, थोरल्या जवायाबिगर नाई. हे ऐका.

तिनं फोन वर धरला असावा. लाउडस्पीकरवर आवाज आला: थोरले जवाई श्रीमान देवानंदराव मोहोड, यांनी स्टेजवर यावं. पुन्हा: थोरले जवाई श्रीमान देवानंदराव मोहोड. स्पष्ट. पहिलं नाव. श्रीमानसकट.

मी त्याच वेळी तेच नाव टाइप करत होतो. म्हटलं, पाच मिनिटं थांबव, आलोच.

ती म्हणाली, अमरावतीतून पाच मिनटात कसे येता? आणि मग तिला कळलं असावं. फोन सुरूच होता. तिसऱ्यांदा नाव पुकारलं. नंतर बॅन्ड सुरू झाला आणि फोन बंद झाला.

चार वाजता

बंडूचा मेसेज. नंबर अजून ब्लॉक करायचा राहिला होता. 'मामाजी, तुमचा टोपी-दुपट्टा खुर्चीवर ठेवला हाय, आबाजीनं कोनाले हात लावू देला नाई. ते अजून जेवले नाई. गाडी घेऊन येऊ का मी तुमाले घ्यायले? व्हिडिओ नाई काढत, आईशप्पत.'

उत्तर दिलं नाही. हा पोट्टा सहानुभूती मिळवतो आहे.

तेवढ्यात तूरडाळचं उत्तर आलं. उतरवून ठेवतो. 'सर, तुमचा मान राखून सांगते. हे मोहोड कोण आहेत ते मला माहीत नाही, पण त्यांनाही घरदार असेल, बायकापोरं असतील. लोक आता विसरलेत. आपण कशाला त्यांचं नाव पुन्हा पुन्हा टाकायचं? राहू द्या ना त्यांना सुखानं.'

मी लिहिलं, मोहोड यांना मी जवळून ओळखतो. त्यांचं नाव राहावं अशी खुद्द त्यांचीच इच्छा आहे.

तिनं लिहिलं: संदर्भ?

घरात कोणी नाही. शर्टाची इस्त्री मोडली. पोहेही संपले आहेत.